काढलेला कोंडा

आमच्या दुकानातून तांदूळ घ्यायचा, तर आधी माझ्या सासऱ्यांच्या परीक्षेला बसावं लागतं. कोण खाणार, दात कसे आहेत, पोट साफ होतं का, एवढं विचारल्याशिवाय ते यंत्राचं बटण दाबत नाहीत. असडीक, म्हणजे सालीसकटचा तांदूळ पोत्यात ठेवायचा आणि गिऱ्हाईक येईल तसा त्याच्यासमोर साल काढून, सडून द्यायचा, ही दुकानाची जुनी रीत. कुणाला अर्धा सडलेला हवा असतो, कुणाला पाऊण. कुणी नवखा येऊन "पूर्ण पांढरा द्या" म्हणाला, की बाबांच्या कपाळाला अशा आठ्या पडतात, की तो बिचारा आपोआप "नाही नाही, पाऊण चालेल" म्हणून मोकळा होतो. मी गल्ल्यावर बसून हे तीस वर्षं बघते आहे. गिऱ्हाइकाला दम भरून धंदा चालवणारं दुकान सगळ्या शोनाई भागात आमचंच असेल.

मी तामाए, ह्या घरची सून. माहेर साकाताच्या बंदरावर, मासळीवाल्यांचं, त्यामुळे जीभ तिखट. माझा नवरा शिन्या स्वभावाने गरीब, दिवसभर तांदळाची पोती गाडीत घालून घरोघर पोहोचवत असतो आणि घरात वाजलं की गाडीत जाऊन बसतो. म्हणजे घरात बोलायला उरलो आम्ही तिघं, मी, बाबा आणि आई.

बाबांचं नाव एइसाकु, आईंचं फुकिको. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली. एवढ्या काळात बाबांनी आईंना "कशी आहेस?" असं विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण आईंचा तांदूळ ते वेगळा सडायचे. यंत्र अगदी हळू चालवायचं, वरची साल जरा जरा उतरू द्यायची, पण दाण्याच्या टोकाचा अंकूर तुटू द्यायचा नाही. मग मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन खिडकीशी जायचं आणि दाणा दाणा बघायचं. "आतला पांढरा भाग म्हणजे नुसता पिठाचा गोळा," ते म्हणायचे. "जीव आहे तो ह्या सालीत आणि ह्या अंकुरात." तो तांदूळ आईंच्या डब्यात जायचा. घरातला दुसरा कुणी त्यातला घेऊ लागला, तर बाबा नुसतं खाकरायचे. तेवढं पुरे व्हायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आईंच्या पायांना सूज आली. तपासण्या झाल्या आणि कळलं, की किडन्या थकल्यात. शहरातल्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि आम्हाला खालच्या मजल्यावर आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. मोगीबाई त्यांचं नाव. वयाने लहान, पण बोलणं ठाम. त्यांनी आईंना काय काय खाता ते विचारलं आणि तांदळाचं ऐकल्यावर कागदावर एक मोठा दाणा काढला. त्याची कड पेन्सिलने गिरवून काळी केली, एका टोकाचा अंकूरही काळा केला. आतला सगळा भाग तसाच कोरा सोडला.

"पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम ही सगळी खनिजं दाण्यात सारखी पसरलेली नसतात," त्या म्हणाल्या. "बहुतेक सगळी ह्या कडेला आणि अंकुरात असतात. आत जावं तशी कमी होत जातात."

"हे तुमच्या जन्माच्या आधीपासून मला ठाऊक आहे," बाबा म्हणाले.

"मग बरंच झालं. माझे कष्ट वाचले." मोगीबाई जराही हलल्या नाहीत. "आता ती कड ह्यांच्या ताटात नको. निरोगी माणसाला ती चांगलीच आहे. पण ह्यांच्या किडन्यांना जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठतं आणि साठलं की हृदयाला धोका. ह्यांना पूर्ण पांढरा तांदूळ द्या."

बाबांचा चेहरा बघवत नव्हता. पन्नास वर्षं ज्या बायकोला दाण्यातलं चांगलं ते निवडून घातलं, तिलाच ते बाधतं असं परक्या मुलीने तोंडावर सांगितलं. मोगीबाईंनी फळं, बटाटे, भाज्या उकळून पाणी कसं फेकायचं, हे सगळं समजावलं. शेवटी विचारलं, "लोणचं खाता?"

"घरचंच असतं हो. मीठ अगदी कमी," आई म्हणाल्या. "दोन फोडी."

"दोन फोडी ठीक आहेत. मीठ सांभाळा," असं म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं आणि आम्ही निघालो. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात आले तर शटर अर्धं खाली ओढलेलं. आत यंत्र घरघरत होतं. मला वाटलं काही बिघाड झाला. वाकून आत शिरले तर बाबा आईंचा तांदूळ सडत होते, पूर्ण पांढरा, आणि गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू नये म्हणून शटर ओढून घेतलं होतं!

"बाबा, चोरीचा माल आहे का हा?"

"गप्प बस. झालं की वर कर ते शटर."

एकदा सडून झाला, तरी त्यांचं समाधान होईना. पुन्हा घातला. मग अजून एकदा. दाणे इवलेसे, काचेसारखे होऊन बाहेर आले. खालच्या खणात ताजा कोंडा साठला होता, कोमट, खमंग वासाचा. बाबांनी तो टोपलीत भरला आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात आईंकडे नेऊन दिला. ताजा कोंडा आमच्याकडे कधीच वाया जात नाही.

आईंनी तो पांढरा भात खाल्ला. तक्रार केली नाही, पण दोन घास झाले की हात थांबायचा. "कागद चावल्यासारखं वाटतं गं," त्या मला हळूच म्हणाल्या, बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने. मग भात खाली उतरावा म्हणून त्या लोणच्याची फोड घ्यायच्या. लोणचं म्हणजे कोंड्यातलं. आमच्या स्वयंपाकघराच्या गार कोपऱ्यात आईंची कोंड्याची बरणी असते. ओलसर, खारवलेल्या कोंड्यात काकडी नाहीतर वांगं पुरून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी काढून धुवून खायचं. वांग्याचा जांभळा रंग टिकावा म्हणून त्यात एक गंजका खिळाही पुरलेला असतो. रोज तळापासून हाताने ढवळावं लागतं, नाहीतर आंबतं. त्या बरणीत आईंशिवाय कुणी हात घालायचा नाही. लग्न होऊन आल्यावर मी एकदा उत्साहाने बाही वर केली होती, तर आईंनी माझा हात धरून बघितला आणि म्हणाल्या, "उष्ण आहे. नको." तेव्हापासून मी त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा जपून मारते.

महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. मी अगदी निर्धास्त होते. भात पांढरा, भाज्या उकळलेल्या, फळं बंद. आणि डॉक्टर म्हणाले, पोटॅशियम उतरलं तर नाहीच, उलट चढलंय.

"असंच राहिलं तर वाट बघण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात उतरलं नाही, तर डायलिसिस सुरू करू. आठवड्यातून तीन दिवस इथे यावं लागेल."

आईंच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या गावापासून हे हॉस्पिटल बसने तासाभरावर. बाबांनी गाडी चालवणं कधीच सोडलंय, आणि शिन्याची गाडी रोज पोत्यांमागे. "तीन तीन दिवस मी इथे सुया टोचून पडू? आणि ह्यांना दुपारचं वाढणार कोण?" त्या म्हणाल्या. मी वाढेन, हे मी म्हणाले, पण ते कुणाच्या कानावरही गेलं नाही. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांचा जबडा सारखा हलत होता, तोंडात काही नसताना.

मला वाटलं, आई चोरून काहीतरी खातायत. शेजारच्या ओगाताबाईंच्या शेतात कलिंगडं पिकली होती आणि त्यांचा हात सढळ. मी पहारा सुरू केला. आई मागच्या अंगणात गेल्या की मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मागोमाग. तीन दिवसांनी आईंना कळलं.

"तामाए, तू सारखी माझ्या मागे का फिरतेस?"

"आई, खरं सांगा. ओगाताबाईंकडे कलिंगड खाल्लंत ना?"

त्यांनी तोंड उघडून माझ्यासमोर धरलं. "घे, वास घे! सासूच्या तोंडाचा वास घ्यायचा राहिला होता तेवढा. घे की!"

"मी तुमच्या जिवासाठी विचारतेय!"

"माझ्या जिवासाठी विचारतेस तर जरा मान ठेवून विचार. मी काय शाळेतली पोर आहे?" आणि त्या आत निघून गेल्या. त्यांचे डोळे भरले होते ते मी पाहिलं. दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्या दिवशी जेवायला बसलो तर कुणी कुणाशी बोलेना. शिन्या अर्थातच गाडी धुवायला गेला होता. मिसोचं सूप पातळ, मासा एवढासा, आणि आईंच्या वाडग्यात तो काचेसारखा भात. मधोमध लोणच्याची बशी. शेवटी बाबाच फुटले.

"माझ्या तांदळात काही चूक नाही," ते म्हणाले. "त्या बाईला म्हणावं भिंग घेऊन ये. एका दाण्यावर साल सापडली तर दुकान बंद करतो. दाण्यातलं होतं नव्हतं ते सगळं काढलंय मी. चिमूटभरसुद्धा ठेवलं नाही."

"मग ते गेलं कुठे?" मी आपलं वैतागून म्हणाले. तोवर माझ्याही डोक्यात काही नव्हतं.

"जाणार कुठे? एवढा ताजा कोंडा मी फेकणार आहे का? हिच्या बरणीत गेला. रोज. इतका चांगला कोंडा बरणीला आजवर मिळाला नव्हता."

आईंच्या दातांखाली काकडी कुर्रकन वाजली.

मी आईंकडे बघितलं. आईंनी बाबांकडे बघितलं. बाबांनी बशीकडे बघितलं. बशीत अख्ख्या काकडीच्या फोडी होत्या, आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त संपल्या होत्या. दोन फोडींची अख्खी काकडी कधी झाली, ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बेचव भात गळ्याखाली उतरायला हवा ना! मोगीबाईंनी पेन्सिलने काळी केलेली ती कड यंत्राने काढली, बाबांनी टोपलीत भरली, आईंनी बरणीत कालवली, काकडीने रात्रभर शोषली, आणि मी ती कापून आईंच्या पुढ्यात ठेवत होते. सगळे जण जीव लावून तेच करत होतो.

आईंनी तोंडातला घास चावून गिळला. "हा तर गेला आता," त्या म्हणाल्या आणि जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

सकाळी मी मोगीबाईंना फोन केला.  त्या म्हणाल्या, "कोंड्यातलं लोणचं होतं ते? मी नुसतं मिठाचं धरून चालले. कच्च्या काकडीच्या जवळजवळ तिप्पट पोटॅशियम असतं हो त्यात. मीच विचारायला हवं होतं." चूक कबूल करायला त्यांनी वेळ लावला नाही, त्यामुळे मला त्या आवडायला लागल्या.

आता आईंना लोणचं बंद. सांगायला सोपं. पण ती बरणी आईंनी लग्नात माहेराहून आणली होती, आगगाडीत मांडीवर धरून, नवरीच्या पोशाखाला वास लागला म्हणून करवल्या नाक मुरडत होत्या तरी. आईंनी दोन दिवस बरणीला हातच लावला नाही. ढवळलं नाही तर उन्हाळ्यात कोंडा आंबून जातो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणाची बोलायची छाती होत नव्हती. बाबा तिकडे जाऊन नुसते झाकणाकडे बघून यायचे.

"तूच सांग तिला," ते मला म्हणाले.

"मी? मी कलिंगडाचं बोलले तर अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. तुम्ही नवरा आहात ना?"

"म्हणूनच."

तिसऱ्या दिवशी सकाळी आईंनीच मला हाक मारली. बरणी कोपऱ्यातून ओढून मधे घेतली होती आणि त्या तिच्याशेजारी छोट्या स्टुलावर बसल्या होत्या.

"नखं कापलीस?"

"हो."

"साबणाने धुऊ नकोस. नुसतं पाणी. आण हात."

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, उलटा केला, सुलटा केला. "अजून उष्णच आहे," त्या म्हणाल्या. "असू दे. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा ढवळ म्हणजे झालं. घाल आत. अगं, असं बोटाच्या टोकाने काय करतेस, विंचू आहे का आत? कोपरापर्यंत घाल."

मी घातला. आत गार होतं, मऊ होतं आणि तळाशी तो खिळा बोटाला लागला. मला रडू फुटलं. तीस वर्षं ह्या घरची सून मी, मला नातवंडं व्हायची वेळ आली, आणि कोंड्यात हात घालून मी हमसून हमसून रडत होते.

"कोंड्यात पाणी पडू देऊ नकोस," आई म्हणाल्या. "मीठ जास्त होईल." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "कलिंगडाचं मी विसरले. तूही विसर."

बरणी माझी झाली खरी, पण बाबांनी नवाच घोळ घातला. माझ्या हातची पहिली काकडी मी बशीत मांडली, तर त्यांनी हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी वांगं काढलं, जांभळंधमक, बघून मलाच तोंडाला सुटलेलं पाणी गिळावं लागलं. बाबा म्हणाले, "मला आता आवडत नाही." वर भातही त्यांनी आईंच्याच भांड्यातला पांढरा घ्यायला सुरुवात केली. ज्या माणसाने गावाला सालीचं कौतुक शिकवलं, तो कागदासारखा भात खाली मान घालून चावत बसायचा. गिऱ्हाइकांना मात्र दम देणं चालूच होतं. आईंच्या भुवया रोज जराजरा वर जात होत्या. मला वाईट वाटायचं. माझ्या हाताला चव नाही म्हणून ते खात नाहीत की आईंना खाता येत नाही म्हणून, ते विचारायची सोय नव्हती.

पुढच्या महिन्यात आम्ही तिघं पुन्हा शहरात गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला. माझा जीव टांगणीला लागला होता. आईंनी पर्स दोन्ही हातांनी अशी घट्ट धरली होती, की जणू कुणी ती ओढून नेणार होतं.

"उतरलंय," ते म्हणाले. "चांगलं उतरलंय. डायलिसिसचं आत्ता नको. असंच सांभाळलंत तर बराच काळ निघेल."

"बराच म्हणजे किती?" बाबांनी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही, काका. किडन्या बऱ्या झालेल्या नाहीत. आपण वेळ मिळवतोय."

परत येताना गाडी मी चालवत होते, आई शेजारी खुशीत होत्या. वाटेत भाताची शेतं पिवळी पडायला लागली होती, त्यांनी काच खाली केली आणि वारा घेतला. बाबा मागच्या सीटवर मान खाली घालून बसले होते. त्यांच्या कानात बहुतेक "वेळ" हाच शब्द घुमत असणार, कारण माझ्याही तोच घुमत होता.

घरी येऊन मी पान वाढलं. आईंना पांढरा भात. बाबांनी सवयीने त्याच भांड्याकडे वाडगा सरकवला. आईंनी भांड्यावर झाकण ठेवलं.

"हा माझा आहे," त्या म्हणाल्या. "तामाए, ह्यांना अर्ध्या सडीचा वाढ. अंकुरासकट. आणि बशी इकडे आण."

"मला नको," बाबा म्हणाले.

"का नको? पोरीने महिनाभर हात घालून घालून बरणी जगवलीये. ती काय ओगाताबाईंच्या कोंबड्यांना घालायची? मला खाता येत नाही म्हणून तुम्ही खात नाही, हे मला काय कळत नाही होय? त्याने माझ्या किडन्या बऱ्या होणार आहेत का?"

बाबांनी आपला वाडगा पुढे ओढला.

"खा. मी ऐकते."

बाबांनी एक फोड उचलली. आईंनी डोळे मिटले. कुर्रकन आवाज आला.

"कशी आहे?"

"बरी आहे. तुझ्यासारखी नाही."

"खोटं बोलू नका. आवाजावरून कळतं मला. छान मुरलीये." आईंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसल्या. "बघितलंस तामाए? इतकी वर्षं म्हणायचे, दाण्यातलं चांगलं ते तुझं. आता सगळं चांगलं ह्यांच्या पोटात चाललंय."

मीही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी दुसरी फोड उचलली, सावकाश चावली, गिळली, आणि मान वर न करता म्हणाले, "असू दे. तुझ्यानंतर एक दिवस तरी जगायला हवं मला. तुला एकटीला जेवायला लागू नये."

मी भाताचा पळा हातात धरून तशीच बसून राहिले.  आईंनी बशी पुढे सरकवली.

"मग अजून एक घ्या," त्या म्हणाल्या.